उद्या दुकानात जाण्याआधी

सदाशिव पेठ, पुणे

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

उद्या आपण तुझा डिजिटल पियानो घ्यायला जाणार. दुकानात चार माणसांत मला नीट बोलता येणार नाही आणि तूही घाईत ‘हो बाबा’ म्हणशील, म्हणून आजच लिहून ठेवतोय.

मी आयुष्यभर पेटीची साथ केली. पेटीचा आवाज भात्यावर चालतो. पट्टी हळू दाब की जोरात, फरक पडत नाही. पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावरच सगळं. तुझ्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर तू अगदी मंद वाजवायला जातेस तेव्हा मधलेच सूर गळतात, मी आतल्या खोलीतून रोज ऐकतो. दोष तुझ्या बोटांचा नाही, त्या पोकळ पट्ट्यांचा आहे. म्हणून हॅमर ॲक्शन, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या वजनदार पट्ट्या हव्यात, त्यात तडजोड नको.

दुकानात डेमोची गाणी लावू देऊ नकोस. आधी आवाज पूर्ण बंद करून वाजव, म्हणजे पट्ट्यांची खडखड किती ते कळेल. मग हेडफोन लावून एका बोटाने एकच सूर, ऐकू येईल न येईल इतका हळू, दहा वेळा वाजव. दहाही वेळा तो आला पाहिजे. मग तीच पट्टी पुरती वर येऊ न देता भरभर वाजवून बघ. आणि काळ्या पट्ट्यांच्या मधे, अगदी आत बोट घालून पांढरी दाब. काही वाद्यांत तिथे ती दगडासारखी लागते, आणि गायिकेने काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा सा, सांगितली की तुझी बोटं सारखी तिथेच जाणार. सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण आहे म्हणशील. पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, पट्टी हातात बसू दे.

आत किती शे आवाज आहेत ते शेवटी बघू. पियानोचा एक आवाज मनासारखा असला की झालं.

आता वजन. आपण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यामाहाचा सीपी८८ खरा स्टेजवरचा, पण १८.६ किलो, आणि त्याला स्पीकर नाहीत. रोलँडचा एफपी-३०एक्स स्पीकरसकट १४.८ किलो. कॅसिओचा पीएक्स-एस११०० तर ११.२ किलो. यात बॅग आणि स्टँड धरलेलं नाही. एफपी-३०एक्सची लांबी १३० सेंटीमीटर आहे. रिक्षाच्या सीटला टेप लावून पाहिली, आडवा बसत नाही. माझा कल त्याच्याकडेच आहे, कारण साउंडवाल्याला आवाज द्यायला त्याला वेगळं भोक, लाइन आउट, आहे. त्याच्याच धाकट्या एफपी-१०ला फक्त हेडफोनचं भोक. पण बोटाला दुसरा पटला तर दुसरा घेऊ, ठरवायचं तू.

गेल्या महिन्यातला कार्यक्रम आठवतो ना? भाड्याने आणलेल्या कीबोर्डचं पेडल उलटं चालत होतं. पाय उचललास की सूर लांबत होते, दाबलास की तुटत होते. पहिलं कडवं तू तसंच निभावलंस, तुझा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला पहिल्या रांगेतून काही करता येत नव्हतं. मागाहून कळलं, बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलची स्थिती ओळखतात. त्या क्षणी पेडल पायाखाली दाबलेलं असेल तर सगळं उलटतं. म्हणून पेडल आधी जोडायचं, पाय बाजूला घ्यायचा, मगच बटण दाबायचं. आणि पेडल पियानोच्याच कंपनीचं, अर्धं दाबलेलंही ओळखणारं, रबरी तळाचं घे. फुकट मिळतं ते चौकोनी प्लास्टिकचं स्टेजवर सरकत जातं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. माझी पेटी जशी लावलेली तशीच. तबला तिला जुळवून घ्यायचा. तुझ्या नव्या वाद्याचा सूर ४४० हर्ट्झ या नेहमीच्या मापावरून थोडा वर-खाली नेता येतो. बासरीवाल्याचा सूर थंडीत उतरला तर तू त्याच्याजवळ जाऊ शकशील. हे उद्या मला दाखवून घे.

कपाटात पाकीट आहे. त्यातले पेडल, जाड स्टँड, बॅग, दोन वायरी आणि डीआय बॉक्सचे (वाद्याचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरला नीट जोडणारी डबी) पैसे मी आधीच वेगळे काढलेत. दुकानात पियानो पाहून त्यांना हात लावायचा नाही. अकराला निघू. तुझे स्वतःचे हेडफोन बरोबर घे, दुकानातल्यांवर विसंबू नकोस.

तुझे बाबा