मुठेकाठची व्हेरॉनिका रद्दीत गेली

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी, ज्या महाविद्यालयात मी ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तिथल्या हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, कपाटं रिकामी झाली. वाळलेली रोपं चिकटवलेल्या शीट्स टेम्पोत भरून रद्दीच्या भावाने गेल्या. हा संग्रह हलवणार नाही, असं लेखी आश्वासन आपल्याच कार्यालयाने मला दिलं होतं. ते पत्र घेऊन मी फाटकात उभी होते. शीट्स चार हजार तरी असतील; कुणी साडेतीन म्हणेल. वाचले तीन गठ्ठे, तेही शिपायाला दया आली म्हणून.

रद्दीत गेलेल्यांत माझी एक शीट आहे. फेब्रुवारी १९७८, विठ्ठलवाडी, मुठेचा काठ. व्हेरॉनिका अ‍ॅनागॅलिस-अ‍ॅक्वाटिका. उथळ पाण्यात उभं राहणारं, पोकळ दांड्याचं रोप. फूल जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं, फिकट जांभळं, चार पाकळ्या, आत दोनच पुंकेसर. ते काढताना मी गुडघाभर चिखलात रुतले, घरी बोलणी खाल्ली, तापाने फणफणले. तापातही रोज टीपकागद बदलले, कारण ओल राहिली की नमुना काळा पडतो. आठ दिवस आईच्या गादीखाली ते रोप दाबलेलं होतं. आपल्या दप्तरी त्याची किंमत किलोवर ठरली.

थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ छापला, तो अशाच वाळलेल्या नमुन्यांच्या जोरावर. लेबलवर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव असतं. एकाच काठावरच्या वेगवेगळ्या वर्षांच्या शीट्स शेजारी मांडल्या, की तिथे काय होतं आणि ते शेवटचं कधी दिसलं, हे कळतं. उद्या नदीकाठी काँक्रीट ओतताना कुणी म्हणालं, इथे नुसतं गवत होतं, तर मी काय दाखवू?

नदी सुधारायला पैसा आहे, उद्घाटनांना मांडव आहेत. कपाटात डांबरगोळ्या टाकायला माणूस नाही. झाड ओळखणारा शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा भरत नाहीत. ज्यांना दारातलं तण ओळखता येत नाही, ते पर्यावरणाचे अहवाल लिहितात आणि तुम्ही त्यांवर सह्या करता! कुणाला विचारून?

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५पासून पुण्यातच आहे. उरलेले गठ्ठे तिथे पोचवायचा आदेश काढा. रद्दीवाल्याकडचे परत मिळवा, आजच, लगद्याला जायच्या आत. तीन गठ्ठे माझ्या पलंगावर आहेत, मी खाली निजते. भिंतींना ओल येते. पावसाळ्याआधी माणूस पाठवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे