घरी नेलेल्या पुस्तकांना कसर लागू नये म्हणून

सर्व सभासदांना नमस्कार,

वाचनालयात परत आलेल्या काही पुस्तकांच्या बांधणीत कसर सापडली आहे. ही चंदेरी, बिनपंखांची कीड माणसाला चावत नाही, पण खळ, डिंक आणि कागद खाते. अंधार आणि ओल तिच्या सोयीची. कृष्णाकाठच्या आपल्या सांगलीत पावसाळ्यात ओलीची कमतरता नसते. २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांनी तर भिंती जरूर तपासाव्यात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुस्तकांचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. उघडीप मिळाली की पुस्तकं काढून पानं झटका, वारं लागू द्या. कडक उन्हात मात्र ठेवू नका, कागद पिवळा पडतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर पूर्ण वाळलेला ठेवा. कपाटामागच्या फटींत थोडी बोरिक पावडर चालेल, पण लहान मुलं आणि मांजर तिथे पोचता कामा नयेत. रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी साठवू नका.

वाचनालयाच्या पुस्तकावर कृपया कसलाही फवारा मारू नका. कसर दिसली तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणा आणि परत करताना तसं सांगा. दंड नाही.