राणी नोगुकबद्दलही लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कोरियन सिरीयलमधल्या राण्यांचे कपडे, दागिने, मेकअप यावर अख्खं पान आलं, आमच्या ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात निम्म्या पोरी मोबाईलवर तेच बघत असतात तेव्हा आवडलंही असेल. पण खऱ्या एकाही राणीचं आयुष्य त्यात नव्हतं हे मला फार खटकलं.

नोगुक घ्या. मूळची मंगोल राजकन्या. तेव्हा कोरियातलं गोर्यो राज्य मंगोलांच्या युआन साम्राज्याच्या धाकाखाली होतं, राजपुत्रांना मंगोल दरबारात नेऊन ठेवायचे आणि लग्नंही मंगोल राजघराण्यातल्या मुलींशीच. 1349 मध्ये हिचं गोर्योच्या राजपुत्र गोंगमिनशी लग्न झालं, 1351 ला तो राजा झाला आणि लगेच त्याने मंगोल वेणी नि पोशाख टाकला, 1356 मध्ये मंगोल दरबाराच्या जिवावर माजलेलं गी घराणं मोडलं, उत्तरेचा गेलेला मुलूख परत घेतला. म्हणजे नवरा थेट हिच्या माहेरच्या विरोधात, आणि ही नवऱ्याच्या बाजूने!

1361 मध्ये चीनमधले बंडखोर राजधानीवर चालून आले तेव्हा दोघं दक्षिणेत आंदोंगला पळाले, तिथल्या बायकांनी ओणवं होऊन पाठींचा पूल केला आणि राणीला ओढा ओलांडून दिला अशी कथा आहे, त्यावरचा बायकांचा खेळ तिथे अजून खेळतात (आपल्या मंगळागौरीच्या खेळांसारखाच म्हणा ना). मग 1363 ला मुक्कामाच्या मठात मारेकरी घुसले. राजासारखा दिसणारा एक सेवक त्याच्या अंथरुणात झोपला नि मारला गेला, राजा आतल्या खोलीत लपला आणि त्या खोलीच्या दारात नोगुक स्वतः बसून राहिली.

लग्नानंतर 16 वर्षांनी, 1365 मध्ये, ती बाळंतपणात गेली. पुढचं सगळे सांगतात, राजाने तिचं चित्र काढलं, स्मारकावर पाण्यासारखा पैसा ओतला, कारभार शिन डोन नावाच्या भिक्षूवर सोडला, 1374 मध्ये त्याचा खून झाला. केसाँगजवळची त्या दोघांची जोडसमाधी आज उत्तर कोरियात आहे, 2013 पासून युनेस्कोच्या यादीत. पण हे सगळं त्याच्या दुःखाचं झालं हो, त्यात ती कुठे आहे? मला याचाच राग येतो.

तर एवढी विनंती, तिच्यावर एक मोठा लेख द्या, आणि राजाच्या शोकापासून नको, त्या मठाच्या दारापासून सुरू करा. जमलं तर सोबत त्या काळचा नकाशाही छापा, युआन कुठवर होतं नि गोर्यो किती लहान होतं ते पोरींना दिसू दे.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे