बाय, तुमच्या निर्णयाबद्दल

प्रिय बाय,

फोनवर मला नीट बोलायला सुचत नाही, म्हणून लिहितोय.

तुम्ही दोघांनी व्हिएतनाममधून मूल दत्तक घ्यायचं ठरवलंत, त्याला आमचा होकार आहे. तुझ्या आईने तर फोन ठेवल्या ठेवल्या 'पोर येऊं दे, मगे बघूया' म्हणत माळ्यावरचा पाळणा खाली काढायला लावला. मूल तीन-चार वर्षांचं असेल हे तिच्या कानात शिरलेलंच नाही. वाड्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. चर्चमधल्या मिस्साहून (प्रार्थनेहून) येताना जो तो म्हणतो, 'केवढं पुण्याचं काम!' तेवढं मात्र मला पटत नाही. पुण्य म्हणून आणलेलं मूल जन्मभर उपकाराच्या ओझ्याखाली वावरतं. तुम्हाला मूल हवंय, एवढं कारण पुरे आहे.

तुमच्या तिथल्या, आयर्लंडमधल्या प्रार्थनेच्या गटात बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन वाचलं असं तू म्हणालीस. पहिल्या अध्यायातलं सत्ताविसावं. नीट बघ, तिथे अनाथांबरोबर विधवाही आहेत. दोघांचा संकटात समाचार घ्या, असं आहे. आई जिवंत आहे आणि फक्त गरिबीपायी मूल सोडतेय, तर आधी आईला हात द्यायचा, असाच त्याचा अर्थ मी लावतो. परदेशी दत्तकांबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करारही वेगळं काही सांगत नाही: आधी मुलाचं स्वतःचं घर, मग त्याच्याच देशातलं दुसरं घर, आणि ते जमलं नाही तरच परदेश. म्हणून संस्थेला हे प्रश्न विचारायला लाजू नका. आई आहे का? तिने सही केली ती समजून केली का? मधे कोणी पैसे घेतले का? व्हिएतनाममधली दत्तकं आयर्लंडने 2010 च्या सुमारास थांबवली होती ती असल्याच तक्रारींमुळे. 2012 मध्ये व्हिएतनाम करारात आला, त्यानंतर पुन्हा सुरू झालं. नियम आले म्हणजे सगळं आपोआप स्वच्छ झालं असं तहसीलदार कचेरीत आयुष्य काढलेला माणूस तरी म्हणणार नाही.

थोरल्या काकांच्या दत्तक मुलाचं, आपल्या दादाचं, तुला सगळं ठाऊक नाही. काकांनी त्याला सत्तरच्या दशकात एका अनाथालयातून आणलं. तेव्हा आपल्या ख्रिस्ती लोकांना दत्तक घ्यायचा कायदाच नव्हता. 1956 चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. आपल्याला 1890 चा इंग्रजांच्या वेळचा पालकत्वाचा कायदा, म्हणजे मूल सज्ञान झालं की कोर्टाच्या लेखी नातं संपलं. सगळ्यांसाठी एकच दत्तक कायदा करायचा म्हणून 1972 मध्ये विधेयक आलं, 1980 मध्येही आलं, दोन्ही बारगळली. काका गेले तेव्हा घराचं मृत्युपत्र होतं म्हणून बरं, नाहीतर चुलत्यांनी दादाला अंगणातही उभं केलं नसतं. तरी हरकत घेतलीच. घर-जमीन दादाच्या नावावर चढवायच्या फेरफाराला सुनावणी लागली. पंचवीस वर्षं ज्याला पप्पा म्हटलं त्याच्या नावापुढे दादाला 'मुलगा' लिहिता येईना. मी त्याच कचेरीत अव्वल कारकून, ती फाईल माझ्याच टेबलावरून गेली. पुढे बाल न्याय कायदा आला, 2006 ची दुरुस्ती झाली आणि 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कुठल्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याखाली दत्तक घेता येतं. दादाला त्याचा काय उपयोग!

जमिनीपेक्षा त्याला दुसरंच लागून राहिलं होतं. चाळिशी उलटल्यावर तो त्या अनाथालयात गेला, आपली आई कोण ते विचारायला. तिथल्या बाईंनी कपाटातून रजिस्टर काढलं. वाळवीने मधली पानं खाल्ली होती, कडेला तारखा तेवढ्या उरलेल्या. त्याच्याकडे आता आहे तो एक बाप्तिस्म्याचा दाखला, आईबापांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

तू राहतेस त्या आयर्लंडला हे दुखणं आपल्याहून जास्त माहीत आहे. अविवाहित मुलींची बाळं तिथल्या सिस्टरांच्या संस्थांतून दोन हजारांवर अमेरिकेत पाठवली गेली, कॅथलिक घरांत, आणि तेही धर्मकार्य म्हणूनच. 2021 मध्ये चौकशीचा अहवाल आला, पंतप्रधानांनी माफी मागितली, आणि 2022 च्या कायद्याने दत्तक गेलेल्यांना आपला मूळ जन्मदाखला मिळायचा हक्क दिला. साठी-सत्तरी गाठलेली माणसं आईचं नाव शोधत होती. आपल्याच चर्चबद्दल हे वाचताना जड गेलं, पण लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा माझं मागणं एकच. मुलाचा कागद न् कागद जपा. वैद्यकीय अहवाल, आश्रमातले फोटो, सांभाळणाऱ्या बाईचं नाव, अंगावरचा सदरासुद्धा. मूळ प्रती बँकेत, एक संच माझ्याकडे. आणि दत्तक असल्याचं त्याला कळत्या वयापासून सांगा. आपल्या गावात नाहीतरी कोणीतरी शेजारीण सांगणारच.

बाप्तिस्मा तुम्ही ठरवाल तिथे करा. इथे गावच्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) वेळी केलात तर आईला आनंद होईल, पण मूल जरा रुळू दे आधी. संताचं नाव ठेवा हवं तर, त्याचं मूळ नाव मात्र पुसू नका.

मी मृत्युपत्र नव्याने करतोय. वकील म्हणतात, नातवाचं किंवा नातीचं नाव कागदावर असेल तसंच घालू, पुढे वाद नको. म्हणून नाव कळलं की पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न् अक्षर लिहून पाठव. आणि आई विचारतेय, त्याला तिखट चालतं का? तिकडेही भात-मासेच खातात हे कळल्यापासून तिची अर्धी काळजी मिटलीय. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझे,
पप्पा