मोड घरीच आणा, पण कच्चे खाऊ नका

महोदय,

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या एका दुकानातून मोड आलेल्या मटकीचं पाकीट आणलं. घरी येऊन उघडलं तर आतून पाणी सुटलेलं, खालचे दाणे बुळबुळीत आणि वास आंबूस. परत घेऊन गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम ताजं आहे, मोड बघा ना केवढे लांब आलेत. अरे बाबा, मोड बोटभर लांब आले म्हणजे माल ताजा नाही, शिळा झालाय!

तेव्हापासून पाकीट बंद. मोड आणायला लागतं काय, रात्री वाटीभर मटकी भिजवायची, सकाळी उपसून दोन-तीन पाण्यातनं काढायची, स्वच्छ पंचात बांधून चाळणीत ठेवून वर झाकण घालायचं. मे महिन्यात संध्याकाळीच मोड डोकावतात, डिसेंबरमध्ये दीड दिवस वाट बघावी लागते. वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात. बांधायच्या आधी गणंग दाणे तेवढे वेचून टाका, भिजूनही खड्यासारखे टणक राहतात आणि नेमके दाताखाली येतात (माझी दाढ त्यातच गेली). ते काचेच्या बरणीचे, जाळीच्या झाकणाचे स्प्राउट मेकर मिळतात ना, आमच्या शेजारणीने घेतलाय, चांगला आहे, पण पंचा फुकट आहे.

आता खरं म्हणजे ज्यासाठी लिहितेय ते. उपवनला, तळावपाळीला मॉर्निंग वॉक करून आले की लोक वाटीभर कच्चे मूग लिंबू पिळून खातात, आणि म्हणतात घरचे आहेत, घाण कुठली? पण जंतू बाहेरून येतातच असं नाही, ते कधीकधी दाण्यावरच बसून आलेले असतात. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच त्यांनाही लागते, त्यामुळे दीड दिवसात तेही वाढतात, आणि नुसतं धुऊन सगळे जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय नावाच्या पोट बिघडवणाऱ्या जंतूची मोठी साथ आली होती, पन्नासहून जास्त माणसं गेली, हजारो आजारी पडली, आणि शोध घेत घेत गाडी कुठे थांबली तर मोड आलेल्या मेथीपाशी. मेथीचं बी इजिप्तमधून आलं होतं. स्वच्छतेला एवढ्या जपणाऱ्या देशात हे झालं.

म्हणून मी नीट वाफवूनच घेते. थोडं सी जीवनसत्त्व जाईल, जाऊ दे. तसंही आपली उसळ, मिसळ, वालाचं बिरडं, सगळं शिजवलेलंच की. कच्च्या सॅलडचं फॅड आपल्याकडे नंतर आलं. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनी तर कच्चं खाऊच नये. आणि राजम्याला मोड आणलेत तर वाफेवरही भागत नाही, तो खळाखळा उकळून पूर्ण शिजवायलाच हवा, कच्चा राजमा विषारी असतो.

आणखी एक, आमच्या सोसायटीत एकाने नर्सरीतून पेरणीचं बी आणून मोड आणायला घातलं होतं. त्या बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी रंग दिसतो, ते पोटात घालायचं नसतं हो!

अन्न व औषध प्रशासनाला एकच विनंती आहे, या पाकिटांवर कडधान्य कधी भिजवलं ती तारीख छापायला लावा आणि दुकानात ती फ्रिजमध्ये ठेवायला लावा. मला त्या दिवशी पैसे नाहीच मिळाले, बदली पाकीट मिळालं. त्यालाही तोच वास होता.

आपली,
एक गृहिणी, नौपाडा, ठाणे