तबल्यावर थिसिस?

मिरज

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ करून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. पुढच्या वर्षी आयसरमधला भौतिकशास्त्राचा थिसिस, तबल्याच्या रियाजाला वेळ पुरणार नाही, तेव्हा विषयच तबल्याच्या नादाचा घ्यायचा, म्हणजे एकात दोन्ही होईल, असा तुझा बेत. हुशारीचा आहे, पण मला पटलेला नाही.

विषय चांगलाच आहे. साध्या चामड्यावर थाप मारली की मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट असे आडमुठे स्वर निघतात. तबल्याच्या पुडीवर (तोंडावरच्या चामड्यावर) मधोमध काळी शाई चढवली की तेच स्वर जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपटीवर येऊन बसतात आणि तबला सुरात बोलतो. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. पुढे काय करण्यासारखं उरलंय ते तुझे गाईड सांगतील. पण मायक्रोफोनसमोर ‘ना’ हा एकच बोल शेकडो वेळा वाजवणं म्हणजे रियाज नव्हे. तिथे तुझं लक्ष आलेखाकडे असणार, बोटांकडे नाही. विषय घ्यायचा तर खुशाल घे, पण तो लॅबच्या खात्यात मांड.

रामन यांचंच बघ. १९०७ पासून दहा वर्षं ते अर्थखात्यात अधिकारी होते (मध्ये बदली होऊन नागपुरातही राहून गेले). कलकत्त्यात असताना ऑफिसच्या आधी आणि नंतर बहुबाजारातल्या विज्ञानसंस्थेत जाऊन प्रयोग करायचे. म्हणजे संशोधन हाच त्यांचा फावल्या वेळचा उद्योग! वेळ वाचवायला त्यांनी सरकारी जमाखर्चावर शोधनिबंध नाही लिहिले.

तू म्हणशील, नारळीकरांनी विज्ञान आणि कथा एकत्र केलंच की. केलं. पण १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती टोपणनावाने. शास्त्रज्ञाचं नाव बघून कुणी गुण देऊ नयेत म्हणून. तुझ्या तबल्यालाही भौतिकशास्त्राची शिफारस नको.

मग वेळ कुठून काढायचा? कार्यक्रम सोड. यंदा साथीला बसू नकोस, गणेशोत्सवातही नाही. तालमी, प्रवास, साउंड चेक यांतच तुझे दिवस जातात, वाजवणं त्यात थोडंच असतं. सकाळी लॅबला जाण्याआधी अर्धा तास एकच कायदा (बोलांची ठरलेली रचना), विलंबित लयीत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. रविवारी चार तास बसून भरपाई होते या भ्रमात राहू नकोस, हात आठवडाभरात जड होतो. आणि रीडिंग चुकलं म्हणून वैतागून तबल्याकडे पळायचं, कायद्याचे पलटे जमेनात म्हणून लॅबचं कारण सांगायचं, हे दोन्ही बंद.

तबल्याच्या सरांना हे सगळं मेसेजवर कळवू नकोस, समक्ष जाऊन सांग. रागावतील, ऐकून घे.

डग्ग्याची पुडी सैल झालीय म्हणालीस ना? दिवाळीला येताना घेऊन ये, इथे बसवून घेऊ. आईने चकलीची भाजणी आत्ताच दळून ठेवलीय, काय घाई होती देव जाणे.

तुझा,
बाबा