वाळूतल्या द्राक्षवेलींविषयी आई-बाबांना पत्र

पणजी, 20 सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी पोर्तुगालमधल्या कोलारेसच्या वाइनचा विषय काढला, तेव्हा बाबा, तुम्ही एवढेच म्हणालात, "वाळूत द्राक्ष कसले येणार?" तासगावच्या जमिनीत बागेच्या जोरावर ज्यांनी आम्हा भावंडांची शिक्षणे केली, त्यांना हा प्रश्न पडणे साहजिकच आहे. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या हॉटेलात लिस्बनहून आलेल्या एका कुटुंबाने जेवणाच्या वेळी सोबत आणलेली बाटली उघडायला मला दिली आणि उघडल्यावर मलाही चाखायला लावली. बाटली अर्ध्या लिटरचीच होती. पेल्यातला रंग फार गडद नव्हता, कडेला तो विटकरीकडे झुकत होता. पहिल्याच घोटाला आंबटपणा आणि तुरटपणा जाणवला, मागाहून समुद्राच्या वाऱ्याचा खारा भास झाला. गोव्यात 'पोर्ट' म्हणून खपणाऱ्या गोड वाइनशी तिचे काहीही नाते नव्हते. पोर्तुगालमधल्या मोजक्या मानाच्या लाल वाइनमध्ये तिची गणना होते, आणि ती पिकते निव्वळ समुद्रकाठच्या वाळूत.

लिस्बनच्या वायव्येला सिंत्राचे डोंगर आहेत, त्यांच्या पलीकडे अटलांटिक महासागराला लागून कोलारेस आहे. 1908 साली या भागाची हद्द कायद्याने आखली गेली. तिथल्या लाल द्राक्षाच्या जातीचे नाव रामिश्कु. तिचे मणी बारीक आणि साल जाड असते. बाबा, निर्यातीच्या मापात मणी बसावा म्हणून तुम्ही जीएच्या (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात घड बुडवण्यात आणि विरळणीत दिवसचे दिवस घालवता. तिथे मात्र बारीक मणीच मोलाचा ठरतो, कारण वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो आणि मणी जितका लहान तितका रसाच्या मानाने सालीचा वाटा अधिक. हा तुरटपणा इतका प्रखर असतो, की नवी वाइन तोंडाला धरवत नाही, तिला पिंपात आणि बाटलीत वर्षानुवर्षे मुरू द्यावे लागते.

आता वाळूविषयी. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने युरोपातल्या वेलींची मुळे पोखरली आणि देशोदेशीचे मळे उजाड केले. शेवटी तिथल्या शेतकऱ्यांना अमेरिकी वेलींच्या खुंटांवर आपल्या जातींची कलमे बांधावी लागली. ही कीड जमिनीच्या भेगांमधून एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे सरकते, पण सैल वाळूत भेगा टिकतच नाहीत, त्यामुळे कोलारेसच्या वेलींपर्यंत ती पोहोचू शकली नाही. म्हणून रामिश्कुच्या वेली आजही कलमाशिवाय, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे खारवट पाणी आणि दुष्काळ यांपायी तुम्ही डॉगरीज खुंट स्वीकारलात. तो खुंटही मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचाच, त्यामुळे आपल्या तास-ए-गणेश जातीच्या द्राक्षवेलींच्या पायाशीही परदेशी मूळ आहे. हे लक्षात घेतले, की युरोपात स्वमुळावरची जुनी बाग टिकून राहणे किती दुर्मीळ आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळेल.

मात्र वाळू हे संरक्षण फुकट देत नाही. वाळूत ना अन्न ना ओल, ते दोन्ही खालच्या चिकणमातीत असते, आणि ती चिकणमाती कुठे कुठे दोन-तीन पुरुष खोल असते. लागवडीच्या वेळी तिथपर्यंत चर खणायचा, काडी त्या मातीत रोवायची आणि वेल वाढेल तशी वाळू हळूहळू परत लोटत जायची, अशी जुनी रीत आहे. चराच्या कडा ढासळून माणूस गाडला जाण्याचे भय असे, म्हणून खणणारे डोक्यावर टोपली घालून उतरत, म्हणजे वाळू अंगावर आलीच तर श्वासापुरती पोकळी राहावी. हे वाचले तेव्हा मला आपल्या विहिरीचे काम चालू असतानाचे तुमचे दिवस आठवले.

तिथे मांडव नाही, तारा नाहीत. समुद्रावरून येणारा वारा इतका जोराचा असतो, की वेल उभी राहूच शकत नाही. आई, मिरामारच्या किनाऱ्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल तू कौतुकाने पाहत उभी राहिली होतीस, तशाच या द्राक्षवेली वाळूवर सरपटतात. वारा अडवायला सुक्या बोरूचे कूड आणि दगडी बांध घालतात. मणी भरू लागले, की तापलेल्या वाळूने घड भाजू नयेत म्हणून फांद्यांना बोरूचे लहान लहान टेकू देऊन त्या जमिनीपासून वर उचलतात. हे सगळे वाकून, हाताने करायचे काम आहे. बाटलीची किंमत ऐकून तुम्ही दोघेही दचकाल, पण मला ती अवाजवी वाटत नाही.

आई, मी या व्यवसायात काम करते हे तुला अजून रुचलेले नाही, हे मी जाणते आणि तुझ्या मताचा मान ठेवते. तरीही एवढे खरे मान, की पाहुण्यांपुढे बाटली ठेवताना मी बागाईतदाराच्या घरची मुलगी म्हणूनच बोलते, आणि छाटणी कोणी केली, घड कोणी उचलले, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मनाला लागणारी गोष्ट अशी, की एके काळी हजार हेक्टरांहून अधिक असलेल्या त्या बागांचा आज अगदी थोडा भाग उरला आहे. समुद्रकाठच्या जागेला बंगल्यांचा भाव आला आणि कष्टाच्या शेतीला तो देता आला नाही. मोरजी-मांद्र्याच्या वाळूच्या टेकड्यांवर काय चालले आहे हे रोज पाहत असल्याने मला ते परके वाटत नाही. 1931 साली स्थापन झालेल्या तिथल्या सहकारी वाइनरीने उरलेल्या शेतकऱ्यांना धरून ठेवले, हे तिचे मोठेच काम म्हणायला हवे. पणजीत फोंतेन्यासमध्ये जिचे कार्यालय आहे, त्या फुंदासांव ओरिएंत संस्थेनेही कोलारेसच्या वाळूत द्राक्षलागवड केली आहे.

बाबा, एक विनंती आहे. आजोबांच्या काळची आपली बाग स्वमुळावर होती, असे तुम्ही पूर्वी सांगत असा. ती किती वर्षे टिकली, काढताना मुळे किती खोल गेलेली दिसली आणि ती मोडण्याची वेळ नेमकी कशामुळे आली, हे मला कळवा. ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू होण्यापूर्वी जमल्यास बरे. लिहिणे होत नसेल तर तुम्ही सांगा, आई लिहून घेईल.

तुमची,
अनघा